फणीला लागणारा तो पांढरा मेणचट थर

वाचकाचं पत्र : मी घरी शाम्पूची वडी बनवली. खोबरेल ३०० ग्रॅम, ऑलिव्ह तेल १५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम आणि कॉस्टिक सोडा ७५ ग्रॅम. वडी आम्लधर्मी व्हावी म्हणून सोड्याच्या पाण्यात ३० मिली लिंबाचा रसही घातला. तीन आठवडे वाळवून वापरायला घेतली. आतापर्यंत सहा वेळा केस धुतले. केस पाठीपर्यंत लांब आहेत. वाळल्यावर ते राठ होतात, मानेजवळचे तर मेण लावल्यासारखे चिकटतात. फणीला पांढरट थर लागतो. व्हिनेगर लावलं तर आणखी तेलकट झाले. आता धुऊन झाल्यावर लिंबू पिळते, त्याने डोकं चुरचुरतं. सगळे म्हणतात, केसांना सवय व्हायला दोन महिने लागतात. तोवर धीर धरू का? आणि अजून सात वड्या उरल्यात, त्यांचं काय करू?

उत्तर :

दोन महिने थांबू नका. केसांना साबणाची सवय होत नाही. डोक्याबाहेर वाढलेला केस हा निर्जीव तंतू असतो, तो काही शिकत नाही. फणीला जे लागतंय ते तुमच्या डोक्यातलं तेल नाही आणि जुन्या शाम्पूचे ‘विषारी घटक बाहेर पडणं’ तर मुळीच नाही. ते साबण आणि पाणी मिळून तयार झालेला साका आहे. बादलीच्या कडेला साबणाचा जो चिकट पांढरा थर बसतो, तोच तुमच्या केसांवर बसतो आहे. प्रत्येक धुण्यात त्यात भर पडते, म्हणून दोन महिन्यांनी तो कमी नाही, जास्तच झालेला असेल.

हे कसं होतं ते आधी सांगतो, कारण एकदा ते ध्यानात आलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला आपोआप सुचतील. तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून झालेली वडी म्हणजे साबण, नाव काहीही दिलं तरी. साबण म्हणजे चरबीच्या आम्लांचा सोडियम क्षार, आणि तो पाण्यात विरघळतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण त्यांना भेटला की सोडियमची जागा ते घेतात आणि तयार होतो न विरघळणारा क्षार. तो कितीही पाणी ओतलं तरी वाहून जात नाही. अशा पाण्याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन म्हणतात ते याचसाठी, आधी साका होतो आणि साबण उरला तरच फेस येतो.

याचं प्रमाण किती मोठं आहे बघा. लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणता (म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप) असलेलं एक लिटर पाणी साधारण एक ग्रॅम साबण खाऊन टाकतं. लांब केसांना एका वेळी वडीतले काही ग्रॅमच लागतात. म्हणजे तुम्ही केसांत उत्तम फेस आणलात आणि मग त्याच जड पाण्याचे चार-पाच तांबे ओतलेत, तर केसांत अडकलेल्या साबणाचा साका नेमका त्या खळबळण्याच्या वेळीच होतो. लोक लावताना काळजी घेतात आणि धुताना हात सैल सोडतात. खरी गोम धुण्यात आहे.

तेव्हा आधी पाणी तपासा. दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत तुमच्या नळाचं पाव लिटर पाणी, दुसरीत तेवढंच डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी. दोन्हींत वडीचा हरभऱ्याएवढा कीस टाका, विरघळू द्या आणि दहा-बारा वेळा जोरात हलवा. डिस्टिल्ड पाण्यात दाट, टिकणारा फेस येईल. नळाच्या पाण्यात फेस पटकन बसला आणि पाणी दुधाळ होऊन वर कण तरंगले, तर कारण सापडलं. नेमका आकडा हवा असेल तर कठीणता मोजायच्या पट्ट्या मिळतात. लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी मऊ, १२० च्या वरचं जड आणि १८० च्या वरचं फार जड समजतात. टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका, तो सगळेच क्षार मोजतो. मीठ घालून चालणाऱ्या सॉफ्टनरमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस भरपूर दिसतो आणि तरी साबणाला ते पाणी मऊच असतं.

आता व्हिनेगरबद्दल, कारण तिथे तुमचा जो अनुभव आहे तो बरोबर आहे आणि त्यामागचं कारण क्वचितच कुणी सांगतं. आम्ल साक्यावर किंवा केसांत राहिलेल्या साबणावर पडलं की कॅल्शियम किंवा सोडियम सुटून जातं आणि मागे उरतं मोकळं चरबीचं आम्ल. ते तेलकट असतं, पाण्यात विरघळत नाही. म्हणून साबण पुरता निघालेला नसताना व्हिनेगर ओतलं की केस तेलात बुडवल्यासारखे होतात. व्हिनेगर वाईट नाही, ते एक पायरी आधी पडलं. साबण संपूर्ण निघाल्यावरच ते घ्यायचं.

याच गुणाचा उपयोग करून आत्ता साचलेला थर मात्र काढता येतो. एका लिटर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड २ ते ३ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा, विरघळवा. डोळे मिटून, डोकं मागे झुकवून ते पाणी केसांच्या लांबीवर ओता, विशेषतः मानेजवळ, आणि तीन-चार मिनिटं राहू द्या. केस तेलकट लागतील, घाबरू नका. आता ते न धुता थांबलात तर फसाल. लगेच साध्या बाजारच्या शाम्पूने दोनदा धुवा. शाम्पूतले डिटर्जंट कॅल्शियमशी साका करत नाहीत आणि सुटलेलं चरबीचं आम्ल उचलून नेतात. शाम्पूच्या वेष्टनावर घटकांत ‘ईडीटीए’ दिसलं तर आणखी चांगलं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. इथे साबणाचीच वडी वापरलीत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. थर फार जुना असेल तर चार-पाच दिवसांनी हेच एकदा पुन्हा करा. फणी आणि ब्रश गरम पाणी व शाम्पूने त्याच दिवशी घासून घ्या, नाहीतर त्यांच्यावरचा थर स्वच्छ केसांवर परत चढतो.

थेट लिंबू पिळणं आजपासून बंद. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली आम्ल आणि वर अल्क) २ ते २.५ असतो, साबणाने आधीच कोरड्या झालेल्या त्वचेला तो झोंबणारच. शिवाय लिंबाचा रस त्वचेवर असताना उन्हात गेलात तर चट्टे उठू शकतात. बेकिंग सोड्याने धुवायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच, तो घेऊ नका. तो स्वतःच अल्कधर्मी आहे, साबणाने जे बिघडतं ते त्याने सुधारत नाही.

आम्लाच्या पाण्याची मग गरजच काय? साबणाचा पीएच ९ ते १० असतो. डोक्याच्या त्वचेचा साधारण ५.५, आणि केसांचा त्याहून कमी. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, त्यावरचे कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले उचलले जातात, केसावरचा ऋण भार वाढतो आणि केस एकमेकांना घासू लागतात. राठपणा आणि गुंता याचाच. सौम्य आम्लाने हे खवले पुन्हा मिटतात. प्रमाण असं : एक लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं व्हिनेगर १५ मिली, म्हणजे एक मोठा चमचा. पाणी जड असेल तर ३० मिलीपर्यंत जा, कारण जड पाण्यातले बायकार्बोनेट काही आम्ल मारून टाकतात. सायट्रिक ॲसिड घेणार असाल तर लिटरला एक ग्रॅम पुरे. व्हिनेगर उडून जातं आणि केस वाळले की वासही राहत नाही, त्यामुळे ते राहिलं तरी चालेल. सायट्रिक ॲसिड उडत नाही, केसांत वाळतं, म्हणून अर्ध्या मिनिटाने थोड्या पाण्याने काढून टाका. न्हाणीघरात संगमरवर असेल तर आम्लाचं पाणी बादलीत झेला, फरशीची चकाकी जाते.

धुण्याची रीत अशी ठेवा.

कोरड्या केसांतला गुंता आधी सोडवून घ्या. ओला केस ताणला जातो आणि सहज तुटतो, गुंता तेव्हा काढायला घेऊ नका. मग केस भरपूर भिजवा, मिनिटभर तरी, मानेजवळचे हाताने उघडून. आरओचं किंवा उकळून थंड करून वरचं निवळ घेतलेलं पाणी असेल तर भिजवायला तेच घ्या. उकळल्याने सगळी कठीणता जात नाही, पण जो भाग जातो तोही उपयोगाचा असतो.

वडी केसांच्या लांबीवर घासू नका. तिचे बारीक तुकडे केसांत अडकतात, खवले उलटे घासले जातात आणि ते तुकडे शेवटपर्यंत निघत नाहीत. वडी ओल्या तळहातांत फिरवून फेस काढा आणि बोटांच्या पेरांनी डोक्याच्या त्वचेवर चोळा. केस फार दाट असतील तर वडी थेट डोक्यावर फिरवली तरी चालते, पण केस ज्या दिशेला पडतात त्याच दिशेने. टोकांना वेगळा साबण लावायची गरज नाही, वरून ओघळणारा फेस त्यांना पुरतो.

फेस नीट आला नाही, तर बहुतेकांचा हात तिथेच थांबतो आणि तेच पाणी ओततात. जड पाण्यात ‘थोडाच साबण लावते’ हे धोरण उलटं पडतं. फेस नसणं म्हणजे लावलेला सगळा साबण साक्यात गेला आहे. भर घालून, फेस हातावर टिकेल इतका आणा. मग थोड्या पाण्याने काढून दुसऱ्यांदा कमी साबणात फेस करा. पहिल्या फेरीत मळ, तेल आणि केसांतल्या पाण्याचा जडपणा निघतो. दुसऱ्या फेरीचा फेस दाट येतो आणि तोच खरा धुतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केसांत फेस असताना पहिलं दोन-तीन लिटर पाणी मऊ ओता : आरओचं, डिस्टिल्ड किंवा साठवलेलं पावसाचं स्वच्छ पाणी. मऊ पाण्यात साबण साका न होता वाहून जातो. त्यानंतर नळाचं पाणी भरपूर वापरलंत तरी बिघडत नाही, कारण साका व्हायला केसांत साबणच उरलेला नसतो. मऊ पाणी अजिबात मिळत नसेल, तर धार मोठी ठेवा आणि दोन-तीन मिनिटं सतत धुवा, म्हणजे साबण केसांवर रेंगाळणार नाही. हा तोडगा पहिल्याच्या निम्माही चांगला नाही, पण मगाने थोडं थोडं ओतण्यापेक्षा बरा. मान आणि कानामागचा भाग वेगळा धुवा. तुमचे केस तिथेच चिकटतात, कारण वरचा सगळा फेस तिथे जमतो आणि पाणी केसांच्या वरून निघून जातं. डोकं पुढे वाकवून मानेकडून पाणी सोडलं तर आतपर्यंत पोहोचतं. दोन बोटांत बट धरून ओढा : घसरली तर साबण अजून आहे, किंचित अडखळली तर निघाला. मेणासारखी लागली तर साका झालाच आहे, आणि तेव्हा व्हिनेगर ओतू नका.

शेवटी आम्लाचं पाणी, मग टॉवेलने दाबून पाणी टिपा. चोळू नका. टोकं कोरडी वाटली तर अर्धवट ओल्या टोकांना खोबरेलाचे दोन-तीन थेंब. धुण्याआधी तेल लावायची सवय असेल तर तेही थोडंच, केसाच्या लांबीपुरतं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुण्यात होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने ते साधलं नव्हतं. पण डोकं निथळेल इतकं तेल चोपडलं तर साबणाची वडी ते काढू शकत नाही, आणि उरलेल्या तेलालाच मग आपण साका समजतो.

आता तुमची वडी. तेलं आणि सोडा यांचा हिशोब केला. ३०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे ५४.९ ग्रॅम, १५० ग्रॅम ऑलिव्हला २०.२५ आणि ५० ग्रॅम एरंडेलाला ६.४ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, एकूण साडेएक्याऐंशी. तुम्ही ७५ घातला, म्हणजे ८ टक्के तेल साबण न होता मागे राहिलं. त्यात ३० मिली लिंबाच्या रसात दीड-पावणेदोन ग्रॅम सायट्रिक ॲसिड असतं, त्याने आणखी एक ग्रॅम सोडा संपवला. शिल्लक तेल झालं ९ टक्क्यांच्या वर. अंगाच्या साबणाला हे छान आहे, केसांना जड. केसांच्या वडीत ३ ते ५ टक्केच ठेवावं.

आणि लिंबू घालून साबण आम्लधर्मी होत नाही. ते शक्यच नाही. आम्ल घालत गेलात तर आधी ते सोडा खातं, आणि सोडा संपल्यावर साबणच मोडून तेलकट चरबी वेगळी होते. पीएच ५.५ चा खरा साबण कुणी विकत असेल तर तो साबण नाही, डिटर्जंटची वडी आहे. वडीत सायट्रिक ॲसिड जरूर घालावं, पण वेगळ्या कारणासाठी : सोड्याशी मिळून त्याचं सोडियम सायट्रेट होतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे साका कमी होतो. मात्र दर १० ग्रॅम सायट्रिक ॲसिडमागे ६.२ ग्रॅम सोडा जास्तीचा घ्यावा लागतो. बहुतेकांची चूक इथेच होते.

पुढच्या वेळी ५०० ग्रॅम तेलांसाठी असं करून बघा : खोबरेल २२५, ऑलिव्ह २००, एरंडेल ७५ ग्रॅम. शिल्लक तेल ४ टक्के धरून सोडा ७४.७ ग्रॅम, अधिक १० ग्रॅम सायट्रिक ॲसिडसाठी ६.२, मिळून ८१ ग्रॅम. पाणी १६० ग्रॅम. तेलाच्या जातीप्रमाणे आकडे थोडे हलतात, तेव्हा हे साबणाच्या कॅल्क्युलेटरवर एकदा पडताळून घ्या आणि ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा वापरा, चमच्याने मोजू नका. खोबरेलाचा साबण जड पाण्यातही बऱ्यापैकी फेस देतो, म्हणून ते हवंच, पण ६० टक्के असेल तर डोकं फार कोरडं करतं. एरंडेल १५ टक्क्यांच्या पुढे नेलं तर वडी मऊ आणि चिकट होते. शिया बटर, कोको बटर यांचा मोह टाळा. त्यांतल्या स्टिअरिक आम्लाचा साका सगळ्यात चिवट. झाडपाल्याची पूडही नको, विरघळत नाही आणि केसांत अडकून बसते.

सायट्रिक ॲसिड आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग त्या पाण्यात सोडा थोडा थोडा घाला. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळतं. आम्लामुळे या वेळी नेहमीपेक्षा जास्त उष्णता निघेल. डोळ्यांना गॉगल, हातात मोजे, खिडकी उघडी, मुलं बाहेर. भांडं स्टीलचं किंवा जाड, उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचं घ्या. ॲल्युमिनियमशी सोडा झटापट करतो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. नळ्या साफ करायची पावडर सोडा म्हणून वापरू नका, तिच्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. सोड्याची रासायनिक क्रिया एक-दोन दिवसांत जवळपास पुरी होते, पण वडी सहा आठवडे जाळीवर वाळवा. तीन आठवड्यांची वडी ओली असते, लवकर झिजते आणि हाताला बुळबुळीत थर देते. वाळवल्याने पीएच ९ च्या खाली येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

काही केसांना साबणाची वडी नकोच. ब्लीच केलेले, रंगवलेले किंवा रसायनांनी सरळ केलेले केस आधीच सच्छिद्र असतात. साबणात ते अधिक फुगतात आणि रंग भराभर उतरतो. लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर कठीणता असेल आणि मऊ पाण्याची सोय नसेल, तरीही हट्ट सोडा. वडीच आवडत असेल तर सोडियम कोकोइल आयसेथिओनेटपासून डिटर्जंटची वडी करता येते. तिचा पीएच ५ ते ६ ठेवता येतो आणि ती साका करत नाही. त्याची पूड नाकात गेली तर त्रास होतो, तेवढा मास्क लावा. डोक्याची चुरचुर लिंबू बंद केल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत गेली पाहिजे. ती राहिली, खपल्या धरल्या, लाल चट्टे दिसले किंवा एखाद्या जागचे केस विरळ झाले, तर वड्यांचे प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे मात्र कोणताही साबण वापरला तरी होतंच, त्याचा दोष वडीला देऊ नका.

उरलेल्या सात वड्या टाकू नका. अजून तीन आठवडे वाळू द्या आणि हातापायांना, अंगाला वापरा. नऊ टक्के तेल अंगाला मऊच वाटेल. एका वेळी एकच बाहेर काढा, भोकं असलेल्या साबणदाणीत, पाण्याच्या धारेपासून लांब ठेवा. बाकीच्या कागदात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या जागी. शिल्लक तेल जास्त असल्याने या वड्या लवकर खवट होतील. वडीवर केशरी ठिपके आले आणि जुन्या तेलाचा वास येऊ लागला की ती बाजूला काढा, आणि बाकीच्या आधी संपवायला घ्या.